दहा फुटाला एक इंच

आमच्या कॉलनीत भांडण सुरू व्हायला काहीही पुरायचं. मिटवायला मात्र टेप लागायची. स्टीलची, पंधरा फुटी, सुरुवातीच्या दोन इंचांचे आकडे पुसले गेलेली, आणि ती एकाच माणसाच्या खिशात असे. हिंदी बोलणारी मंडळी त्यांना ‘नापवाले साहब’ म्हणत. मी काका म्हणायचे, आणि ते मला ‘सेक्रेटरीबाई’. त्यांना नाव होतंच, दारावर पाटीही होती. पण ती दोन सूत, म्हणजे पाव इंच, तिरकी लागली म्हणून त्यांनी स्वतःच काढून आत ठेवली, आणि त्यांच्या मनासारखी बसवून देणारा सुतार अख्ख्या भोपाळात त्यांना मिळाला नाही.

कोलार रोडवरची आमची कॉलनी म्हणजे एकाच कारखान्यातून निवृत्त झालेल्या लोकांनी सोसायटी करून बांधलेली घरं. माझे वडील तिथे हेडक्लार्क होते म्हणून आम्हालाही एक घर मिळालं. बाकी जिकडे बघावं तिकडे इंजिनिअर. तुमचा नळ गळायला लागला की चार जण येणार, सहा मतं देणार, आणि नळ आपला गळतोच आहे. माझी आई उज्जैनची, मंदिरांच्या गावात वाढलेली. ती म्हणायची, “इथे देव कमी आणि इंजिनिअर फार. नवस बोलायचा तरी कुणाला?”

या गर्दीत काकांचा शब्द शेवटचा मानला जायचा, कारण ते मत देतच नसत. माप सांगत. “आधी मोजा, मग भांडा,” हे त्यांचं वाक्य कॉलनीतल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. एकदा दोन शेजारी कंपाउंडच्या भिंतीवरून सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. काकांनी एका रविवारी नकाशा आणला, टेप लावली, आणि जाहीर केलं की दोघांपैकी कुणीच दुसऱ्याच्या जागेत आलेलं नाही, दोघे मिळून सरकारी नाल्यात शिरले आहेत. त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांना चहाला बोलावलं आणि विषय कायमचा मिटला.

मात्र ही सवय त्यांना बंद करता येत नसे. कुणाकडे जेवायला गेले आणि यजमानीणबाईंनी विचारलं, भाजी कशी झालीय, तर उत्तर यायचं, “पाव चमचा मीठ कमी.” मयताच्या घरी भेटायला गेले तरी नजर चौकटीवर. एकदा अशाच घरातून बाहेर पडताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “माणूस सज्जन होता हो. चौकट मात्र ओळंब्यात नाही.” मला रडावं की हसावं कळेना. तोंडाला पदर लावून मी तशीच घरापर्यंत आले.

कॉलनीच्या मागे दोन टेनिस कोर्ट होती. आमच्या घराकडचं ते ‘अ’, पाण्याच्या टाकीकडचं ते ‘ब’. ‘अ’ ठेकेदाराने केलेलं. ‘ब’ काकांनी. म्हणजे दोन गवंड्यांच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी ते एक अख्खा हिवाळा खपून करून घेतलं होतं. कोर्ट सपाट नसतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्याला ढाळ लागतो, दहा फुटाला एक इंच. कमी पडला तर पावसाचं पाणी साचणार, जास्त झाला तर खेळ बिघडणार. तो मोजायला त्यांच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. एक टोक त्यांनी धरायचं, दुसरं दुसऱ्याने. नळी कशीही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, आणि त्यावरून जमीन किती उतरली ते कळतं. “पाणी कुणाच्या ओळखीचं नसतं,” असं ते म्हणत.

रोज संध्याकाळी सहाला चार म्हातारे ‘ब’ कोर्टवर टेनिस खेळत. खेळत म्हणजे काय, अर्धा वेळ चेंडू आत पडला की बाहेर यावर चर्चा. त्यात भदौरियाजी म्हणून एक होते, कारखान्याच्या सिव्हिल विभागातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. ते ‘आउट’ म्हणून ओरडले की काका शांतपणे जाळीला वळसा घालून यायचे, वाकायचे, चेंडूच्या डागापासून रेघेपर्यंत टेप लावायचे. “तीन सूत आत.” झालं. पुढचा डाव. त्यात काकांचा स्वतःचा गुण गेला तरी सांगताना आवाज तोच असे. माझ्या देखत तीन सामने ते अशा रीतीने आपल्याच टेपने हरले.

चैत्रात तीच कोर्टं बायकांची. मराठी घरांच्या कुरडया, हिंदी घरांच्या डाळीच्या बड्या आणि बटाट्याचे चिप्स, सगळं तिथे वाळायचं. एका वर्षी कुणाचं प्लॅस्टिक कुणाच्या प्लॅस्टिकवर आलं आणि चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टवर खडूने आखलेले चौकोन, प्रत्येकात घर नंबर, आणि कोपऱ्यात लिहिलेलं, ‘साडेपाचला कोर्ट मोकळं करणे.’ आई तेव्हा हिंडती-फिरती होती. आपला चौकोन शेजारणीपेक्षा लहान आहे असं तिला वाटलं, म्हणून तिने काकांना पुन्हा मोजायला लावला. त्यांनी मोजला. सारखाच निघाला. “मग त्यांच्या कुरडया मोठ्या असतील,” आई म्हणाली, आणि काका चक्क हसले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि वर्षभरात मला सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर बसवण्यात आलं, कारण दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी आपल्याच दारासमोर नवा दिवा लावून घेतला होता. एवढ्यावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की या खुर्चीतून माझ्या घरासाठी काडीही हलवायची नाही.

पिकलबॉल कॉलनीत आणलं ते मीच. पुण्याला भाचीकडे गेले होते, तिच्याबरोबर खेळून आले आणि वेडीच झाले. भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू, टेबलटेनिसपेक्षा थोडी मोठी बॅट, धावाधाव कमी, गुडघे दुखणाऱ्या बायकाही खेळू शकतात. आमच्याकडच्या बायका संध्याकाळी बाकावर बसून एकमेकींच्या गोळ्यांची नावं विचारत. त्यांना उठवावं असं मला फार वाटत होतं. एका टेनिस कोर्टात चार पिकलबॉल कोर्ट बसतात, म्हणजे जिथे चार म्हातारे खेळतात तिथे सोळा जण खेळतील, असं मी मीटिंगमध्ये फळ्यावर आखून दाखवलं. सगळ्यांना पटलं. ‘अ’ कोर्ट तसंही मरतुकडं, तेच बदलायचं, ‘ब’ टेनिसला ठेवायचं, असंही ठरलं. काकांनी एवढंच विचारलं, “सेक्रेटरीबाई, तुमची मागची खिडकी ‘अ’पासून किती फुटांवर?”

“असेल तीसेक फूट.”

“असेल हे माप नाही,” ते म्हणाले आणि बसले.

मला तेव्हा त्यांचा रागच आला. पक्कं काम करण्याआधी आठ दिवस खडूच्या रेघा आणि तात्पुरती जाळी लावून खेळून बघायचं ठरलं होतं. पहिल्या सकाळी सहाला खेळ सुरू झाला आणि मला कळलं की ते काय विचारत होते.

टेनिसचा चेंडू मऊ. त्याचा आवाज येतो पण टोचत नाही. हा प्लॅस्टिकचा चेंडू कडक बॅटवर बसला की टॉक. चार कोर्टांवर मिळून टॉक टॉक टॉक, खिडकी बंद केली तरी. आणि खिडकीच्या आत माझी आई.

आई चौऱ्याऐंशीची झाली होती. अंथरुणाला खिळलेली. रात्रभर पाय ठणकायचे, डोळा लागायचा तो पहाटे सहाच्या सुमाराला, नऊपर्यंत. दिवसाकाठी तेवढीच झोप. ती तीन तास झोपली, तर उठल्यावर ती माझी आई असे. मला नावाने हाक मारायची, केसांना तेल लाव म्हणून रागवायची, वडिलांच्या खोड्या सांगायची. ती झोप मोडली की दिवसभर सगळं धुकं. तिसऱ्या दिवशी मी तिला चहा पाजत होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि फार अदबीने म्हणाली, “बाई, तुम्ही कोण? माझी मुलगी शाळेतून आली का?”

मी म्हटलं, “येईलच इतक्यात.” आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तिला पुढच्या खोलीत हलवावं, तर तिथे कोलार रोडच्या गाड्यांचा धुरळा आणि हॉर्न. खेळ नऊनंतर ठेवावा, तर आमच्याकडच्या उन्हात नऊनंतर कोण खेळणार, आणि नोकरीवाल्यांना तर सकाळच सोयीची. मीटिंगमध्ये बोलावं, तर सेक्रेटरीच्या खिडकीसाठी कोर्ट हलवा, असं कोणत्या तोंडाने म्हणू? योजना माझी, फळ्यावरची आकृती माझी, आणि बायका इतक्या खुशीत की विचारू नका. मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी सकाळी पावणेसहाला बेल वाजली. काका. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात वही. “आईंच्या खोलीत बसायचंय,” म्हणाले. नको म्हणायची मला सोयच ठेवली नाही. पलंगाशेजारी स्टूल मांडून बसले आणि आवाज सुरू झाल्यावर वहीत काड्या ओढायला लागले. आईचा नुकताच लागलेला डोळा उघडला. तिने त्यांच्याकडे, वहीकडे बघितलं.

“कोण हो तुम्ही? जनगणनेला आलात का?”

“हो,” काका म्हणाले. “घरात माणसं किती?”

“तिघं. हे, मी आणि मुलगी. मुलगी शाळेत गेलीय.”

“हुशार आहे का?”

“गणितात फार,” आई म्हणाली. “पण स्वतःचं काही सांगत नाही. पोटात ठेवते सगळं.”

काकांनी तेही वहीत लिहिल्यासारखं केलं. मी दारात उभी होते. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशीही ते येऊन बसले. मग मला म्हणाले, “मिनिटाला चौतीस टोले. टेनिसचे आठ, आणि तेही मऊ.” मी हात जोडले. “काका, हे बाहेर बोलू नका. खिडकी माझी आहे आणि खुर्चीही माझी.” त्यांनी वही मिटली. “दुपारी ‘अ’ कोर्टवर या. नळीचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय.”

भर उन्हात आम्ही दोघांनी ‘अ’ कोर्ट या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलं. मी टोक धरून उकिडवी बसलेली, ते दर दहा फुटांवर वाकून आकडा बघणार. सगळीकडे तेच. दहा फुटाला एक इंच. त्यांनी दोन जागा पुन्हा मोजल्या. तरी तेच. “ठेकेदार चुकून बरोबर काम करून गेला,” ते इतके खिन्न होऊन म्हणाले की मला काही उलगडाच होईना. चांगलं निघालं तर हा माणूस हिरमुसला कशाला?

रविवारी हॉलमध्ये शेवटची मीटिंग झाली. वीसेक इंजिनिअर, तितक्याच बायका, मी मिनिटबुक उघडून. ठराव वाचणार इतक्यात काका उभे राहिले.

“अ कोर्ट की ढाल ठीक नहीं है. दस फुट में ढाई इंच.”

माझ्या हातातलं पेन थांबलं.

“टेनिस में चल जाएगा,” ते भिंतीकडे बघत पुढे म्हणाले. “पिकलबॉल का गेंद हल्का होता है, फिसलेगा. आप लोग ब कोर्ट ले लीजिए. हम अ पर खेल लेंगे.”

‘ब’ कोर्ट त्यांनी कसं केलं होतं ते सगळ्यांना माहीत. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या तिघांचे चेहरे तर बघवत नव्हते. भदौरियाजी सावकाश उठले. “साहब, ढाई?”

“ढाई.”

“आपने खुद नापा?”

“दूसरा सिरा सेक्रेटरी मॅडम ने पकड़ा था.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं मी मुलांना शिकवत आले, की उत्तर चुकलं तरी चालेल, पण पायरी खोटी लिहायची नाही. मी मान हलवली. आणि मिनिटबुकात माझ्या अक्षरात लिहिलं, ‘अ कोर्टाचा ढाळ दहा फुटाला अडीच इंच असल्याने...’ अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की ते पान आजही ओळखू येतं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. “काका, तुमचं कोर्ट...” एवढंच मी म्हणाले. ते घाईत होते. “नुसतं ‘ब’ घ्या म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं. मग तुमची खिडकी आली असती,” ते म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले. ते भोपाळात होते तोवर ती गोष्ट आमच्यात पुन्हा निघाली नाही.

‘ब’ कोर्टवर निळा रंग चढला तेव्हा रेघा आखायला काकाच उभे होते. दोरी, खडू, टेप. वीस फूट रुंद, चव्वेचाळीस लांब, जाळी खांबाशी छत्तीस इंच आणि मध्ये चौतीस. रंगाऱ्याने एक रेघ अर्धा इंच सरकवली, तर पुसून पुन्हा काढायला लावली. आपलंच काम झाकायला इतका नेटका रंग कुणी लावून घेतलेला मी पाहिलेला नाही. टाकीकडून आवाज आमच्या खिडकीपर्यंत पोचायचा तो अगदी बारीक, पलीकडच्या गल्लीत कुणी चटणी कुटत असावं तितका. आणि संध्याकाळी चार म्हातारे ‘अ’वर खेळत. “इस में जान नहीं है,” भदौरियाजी रोज कुरकुरायचे. काका म्हणायचे, “खेलिए, खेलिए.”

आईला त्यानंतर एक वर्ष आणि वर थोडे महिने मिळाले. त्यातल्या बहुतेक सकाळी ती नऊला उठली तेव्हा मी कोण ते तिला माहीत होतं. तेवढ्या दिवसांत तिने मला तिच्या आईची कढीची रीत सांगितली, मी लग्न केलं नाही याबद्दल तिला वाईट वाटत नाही हेही सांगितलं, आणि एकदा नुसताच माझा हात धरून बसली. हे सगळं मला त्या माणसामुळे मिळालं. गेली तेव्हा मला नावाने हाक मारून गेली. मी त्यांचे उपकार कुठे ठेवू?

पुढच्या पावसाळ्यात काकांचे डोळे अधू झाले आणि मुलीने त्यांना नाशिकला नेलं. स्टेशनवर पोचवायला निम्मी कॉलनी हबीबगंजला लोटली होती. स्टेशनचं नवं नाव आमच्या तोंडात अजून बसलेलं नाही. त्यांनी तिथेही डब्याची पायरी आणि फलाट यांच्यातलं अंतर जरा जास्त असल्याचं मुलीला सांगितलं.

यंदा पिकलबॉलला गर्दी इतकी वाढली की ‘अ’ कोर्टही घ्यावं अशी मागणी आली. नव्या समितीतल्या एका मुलाने जुनी मिनिटबुकं काढली आणि मीटिंगमध्ये म्हणाला, ढाळ अडीच इंच आहे, म्हणजे आधी सगळं काँक्रीट फोडून नव्याने करावं लागेल. माझ्या एका खोट्या ओळीपायी चांगलं कोर्ट फुटणार होतं. मी उभी राहिले. सांगून टाकलं. ढाळ एक इंचच आहे. नळीचं टोक मी धरलं होतं. आकडा खोटा होता, माझ्या आईच्या झोपेसाठी होता, आणि लिहिणारी मी होते. त्या माणसाला दोष देऊ नका.

मग भदौरियाजी बसल्याबसल्याच म्हणाले, “बैठिए मॅडम. हम सबको पता था.”

“कैसे?” मी विचारलं.

“वहाँ गेंद कभी फिसली नहीं. बीस साल से वो कोर्ट देख रहे हैं हम. ढाई इंच होता तो अंधे को दिख जाता.” मग त्यांनी मिनिटबुकाकडे बोट केलं. “वो आदमी ज़िंदगी में पहली बार ग़लत नाप बोल रहा था. हमने सोचा, बात कोई बड़ी होगी. चुप रहे.”

मागच्या रांगेतले दोघे-तिघे माना हलवत होते. सूत-दोन सुतांवरून एकमेकांची डोकी फोडायला निघणारी ही माणसं. मी मटकन खाली बसले.

घरी येऊन मी नाशिकला फोन लावला. सगळं सांगितलं, की काका, तुम्ही सांगितलेलं माप खोटं आहे हे त्या हॉलमधल्या एकूणएक इंजिनिअरला कळलं होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही.

“कुणी नळी लावून बघितली नाही?” ते म्हणाले.

“नाही.”

“वीस जण होते.”

“हो.”

“आणि नुसतं माझ्या बोलण्यावर ‘ब’ कोर्ट देऊन मोकळे झाले?”

“हो काका.”

“हे बरोबर नाही, सेक्रेटरीबाई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. “एकाने तरी मोजून बघायला हवं होतं.”